जुना लॅपटॉप, लिनक्स मिंट आणि क्यूजीआयएस: गावचा नकाशा करायचाय, पण इन्स्टॉलच होईना

बांधावरून
नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांचा मूक वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमचं गाव वाई तालुक्यात, मांढरदेवच्या डोंगराच्या पायथ्याला. गेले तीन उन्हाळे आम्ही पाच-सहा जण ओढ्यावर श्रमदान करतो. दगडी बांध घालणे, जुन्या बंधाऱ्यातला गाळ काढणे वगैरे. ग्रामसभेत दरवर्षी एकच भांडण: पुढचा बांध कुठं? जो तो आपल्या वावराकडे बोट दाखवतो. म्हणून ठरवलं की ओढे, विहिरी, झालेले बांध असं सगळं एका नकाशावर आणायचं आणि तो चावडीच्या भिंतीवर लावायचा.

लॅपटॉप पुतण्याने टाकून दिलेला, ४ जीबी रॅमचा. जाताना त्याने त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट २१.३ घालून दिलं. आता तो हैदराबादला असतो. फोन उचलतो, पण "काका, यूट्यूबवर बघा" एवढंच म्हणतो.

मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये क्यूजीआयएस (नकाशे करायचं फुकट सॉफ्टवेअर) मिळालं, पण जुनं, ३.२२. मी ज्यावरून शिकतोय त्या व्हिडिओतले मेनू यात जागेवर नाहीत. मग क्यूजीआयएसच्या स्वतःच्या भांडारातून (मिंट जिथून सॉफ्टवेअर उतरवून घेतं तशी जागा) नवीन घ्यायचं ठरवलं. एका ठिकाणच्या कमांड कॉपी करून टाकल्या. तेव्हापासून अपडेट केलं की "व्हर्जिनिया"साठी रिलीज फाईल नाही अशी ओरड येते. आता साधे अपडेटही पुढे सरकत नाहीत अशी भीती वाटतेय. काय बिघडवलंय मी?

टर्मिनलवीर
काही बिघडलेलं नाही, पाणी प्या आधी.

व्हर्जिनिया हे तुमच्या मिंट २१.३ चं नाव. तुम्ही कॉपी केलेल्या कमांडमध्ये मशीनला तिचं नाव विचारून तेच फाईलमध्ये लिहिणारा तुकडा असणार. उबुंटूवर (ज्या लिनक्सवर मिंट बेतलंय ते) तो बरोबर चालतो, मिंटवर गंडतो. कारण क्यूजीआयएसवाले पॅकेजं बांधतात डेबियन आणि उबुंटूसाठी, मिंटसाठी वेगळं काही नसतं. मिंट २१ ची चारही भावंडं (व्हनेसा, व्हेरा, व्हिक्टोरिया, व्हर्जिनिया) उबुंटू २२.०४ वर उभी आहेत आणि त्याचं नाव जॅमी.

थोडक्यात, सासरचं नाव व्हर्जिनिया, माहेरचं जॅमी. क्यूजीआयएसच्या भांडाराला माहेरचंच नाव कळतं.

इटीसी फोल्डरात ॲप्ट, त्यात सोर्सेस डॉट लिस्ट डॉट डी नावाचा फोल्डर आहे. त्यात क्यूजीआयएस डॉट सोर्सेस ही फाईल सुडो लावून (म्हणजे मशीनच्या मालकाच्या अधिकाराने) उघडा. "सूट्स" अशी ओळ असेल, तिथे व्हर्जिनिया खोडून जॅमी लिहा, सगळी अक्षरं छोटी. वरच्या पत्त्यात "उबुंटू-एलटीआर" आहे ना तेही बघा. एलटीआर म्हणजे वर्षभर दुरुस्त्या मिळत राहणारी आवृत्ती. बाकीच्या दर चार महिन्यांनी बदलतात, चावडीवरच्या नकाशाला ती धावपळ नको.

मग:
सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट इन्स्टॉल क्यूजीआयएस क्यूजीआयएस-प्लगइन-ग्रास

ग्रास (जमिनीच्या उंचीवरून पाण्याच्या वाटा काढणारं जोडसॉफ्टवेअर) आत्ताच घ्या. ओढे काढायचे म्हणताय म्हणजे लागणारच.

फक्त_वाचक
माहेर-सासर, खिक्. माझ्या आयुष्यात कोडनेम पहिल्यांदाच समजलं.

कोकणची_मावशी
भाबडा प्रश्न: त्या कमांड टर्मिनलमध्ये अशाच देवनागरीत टाकायच्या का?

टर्मिनलवीर
@मावशी, नाही हो! फोनवर मराठी कळफलक लावलाय म्हणून तसं लिहिलं. टर्मिनलला रोमन छोटी अक्षरंच लागतात.

खिडकीतून
हे सगळं वाचून वाटतं, विंडोजवर इन्स्टॉलरवर डबल-क्लिक करून चहा प्यायला गेलो असतो तर परत येईपर्यंत झालं असतं. माणसाला नकाशा काढायचाय, संगणकशास्त्रात पदवी नकोय.

टर्मिनलवीर
४ जीबीवर नवीन विंडोज चालवून दाखवा, चहा मी पाजतो. साखरेसकट.

डोंगरवाट
फेडोरावर (दुसरं एक लिनक्स): सुडो डीएनएफ इन्स्टॉल क्यूजीआयएस. संपलं. मी चाललो.

आळशी_अजगर
फ्लॅटपॅकने (कुठल्याही लिनक्सवर चालणारं तयार पुडकं) का नाही घेत? मिंटमध्ये त्याचं भांडार, फ्लॅटहब, आधीपासून जोडलेलं असतं. माहेर नको, सासर नको, सॉफ्टवेअर मॅनेजरमध्येच फ्लॅटपॅकवाली आवृत्ती निवडा.

टर्मिनलवीर
चालेल, पण फ्लॅटपॅक येताना स्वतःचं सगळं बिऱ्हाड घेऊन येतं. जुन्या लॅपटॉपची डिस्क आणि गावातलं इंटरनेट बघता मी ॲप्टच (वर सांगितलेली वाट) सुचवेन. शिवाय पुढे पायथनची एखादी जादा लायब्ररी हवी झाली की फ्लॅटपॅकच्या कुंपणात हात घालणं जिकिरीचं.

@बांधावरून, एक मात्र करू नका. शोधाशोधीत तुम्हाला उबुंटूजीआयएस नावाचं आणखी एक भांडार भेटेल. ते वाईट नाही, पण त्यात जीडॅल (नकाशाच्या फाईली वाचणारं) वगैरे वाचनालयं नव्या आवृत्तीची असतात आणि क्यूजीआयएसचं साधं भांडार उबुंटूच्या मूळ जीडॅलवर बांधलेलं असतं. दोन्ही एकत्र लावलीत की दोघं एकमेकांच्या अंगावर जातात. त्या जोडीसाठी क्यूजीआयएसने वेगळा फोल्डर ठेवलाय. तुम्हाला त्या वाटेला जायची गरजच नाही.

आळशी_अजगर
"वाचनालयं" :)) लायब्ररी म्हणा हो सरळ.

मुद्दा मान्य. माझ्याकडे तीन पद्धतींनी तीन क्यूजीआयएस आहेत आणि मेनूतलं कुठलं चिन्ह कुठलं, हे मलाच सांगता येत नाही.

बांधावरून
झालं!! जॅमी लिहिलं आणि सगळं सुरळीत. ३.४० आली. टर्मिनलवीर, तुम्हाला दंडवत. ओपनस्ट्रीटमॅप (लोकांनी मिळून केलेला खुला नकाशा) मागे लावला, आमचं देऊळ आणि एसटीचा थांबा दिसला तेव्हा घरच्यांना बोलावून दाखवलं.

पण आता दुसरंच त्रांगडं. सरावाला म्हणून चुलतभावाचं वावर काढलं. सातबाऱ्यावर बरोब्बर एक एकर, म्हणजे ४० गुंठे. फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये क्षेत्रफळ काढलं तर ४४ च्याही वर जातंय. चारदा काढलं. मग माझं काढलं, तेही वाढलं! शेजारी उभ्या चुलतभावाचा चेहरा बघण्यासारखा होता. "दादा, मग आमचे चार गुंठे गेले कुठं?" म्हणतोय. भाऊबंदकी पेटायच्या आत सांगा कुणीतरी.

फक्त_वाचक
फुकटातलं सॉफ्टवेअर आणि वर चार गुंठे फुकट. इन्स्टॉल करतोय.

आळशी_अजगर
चार गुंठे मर्केटरने दिलेत.

ओपनस्ट्रीटमॅप आधी उघडलात, त्यामुळे प्रोजेक्टने त्याची प्रणाली (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची पद्धत) उचलली, वेब मर्केटर, क्रमांक ३८५७. त्यातच नवा लेयर, म्हणजे नकाशाचा थर, काढलात. या प्रणालीत विषुववृत्तापासून जितकं लांब जाल तितकं सगळं फुगत जातं. तुमच्या १८ अंशांवर लांबी पाच-साडेपाच टक्के आणि क्षेत्रफळ अकरा टक्क्यांच्या आसपास फुगतं. ४० चे ४४ च्या वर, हिशेब जुळला. याच कारणाने ग्रीनलंड त्या नकाशावर आफ्रिकेएवढं दिसतं.

कॅल्क्युलेटरमध्ये दोन सूत्रं आहेत. "एरिया" आणि कंसात जॉमेट्री लिहिलं तर ते लेयरच्या कागदावर सपाट मोजतं. "डॉलर-एरिया" लिहिलं तर प्रोजेक्टमध्ये निवडलेल्या लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या खऱ्या आकारावर मोजतं. दुसरं वापरा. आणि लेयरच मुळात यूटीएम ४३ उत्तर (पृथ्वीच्या सहा-सहा अंशांच्या पट्ट्यांतला तुमचा पट्टा) मध्ये ठेवा, क्रमांक ३२६४३. मीटरमध्ये काम होईल आणि एका एकरात फरक पडला तर दोन-चार चौरस मीटरचा.

संत्रानगरी
थांबा जी, ३२६४३ सगळ्यांनी डोळे मिटून घेऊ नका. तो पट्टा ७२ ते ७८ रेखांशाचा. आमचं नागपूर ७९ वर, आम्हाला ३२६४४ लागतो. वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली सगळे ४४ मध्ये. अमरावती, अकोला ही शहरं ४३ मध्ये. आणि यवतमाळच्या तर पोटातूनच ७८ ची रेघ जाते. एका प्रकल्पात निम्मा जिल्हा एकाने ४३ मध्ये अन् निम्मा दुसऱ्याने ४४ मध्ये काढून आणला होता. जोडताना जे काही झालं बाप्पा, विचारू नका.

निमताना
मी भूमी अभिलेखमधून निवृत्त भूकरमापक. धागा मजेने वाचतो आहे. श्री. बांधावरून यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली, गुंठा हे माप साखळीतून आलेले आहे. आमची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, १०८९ चौरस फूट. असे ४० म्हणजे एकर. साखळी जमिनीवर पडत असे, त्यामुळे ती विषुववृत्तावर आहे की वाईत याने तिला फरक पडत नसे.

दुसरी महत्त्वाची. संगणकावर काढलेल्या आकृतीवरून चुलतभावाशी हद्दीचे बोलणे कृपया करू नये. उपग्रह चित्रावर दिसणारा बांध आणि अभिलेखातील हद्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हद्दीसाठी रीतसर अर्ज, मोजणी आणि त्या मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत, एवढेच ग्राह्य. ती मान्य नसेल तर निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणी, मागता येते. (माझे इथले नाव त्यावरूनच.) आपला नकाशा पाण्यासाठी आहे, तो पाण्यापुरताच ठेवावा.

बांधावरून
साहेब, पूर्ण पटलं. चुलतभावाला हा प्रतिसादच वाचून दाखवला. "बरं, क प्रत काढू" म्हणाला. हे नवीनच सुरू झालं :(

रच्याकने, तालुक्याला एकाकडे सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी टोपोशीट (डोंगर-ओढे दाखवणारा छापील नकाशा) आहे, त्यात ओढे फार सुरेख दाखवलेत. ती स्कॅन करून खाली लावता येईल का? आमच्या गावाला कुठली शीट लागेल हेही माहीत नाही.

निमताना
शीटचा क्रमांक पाठ करावा लागत नाही, काढता येतो. ४७ क्रमांकाचा मोठा चौकोन १६ ते २० अक्षांश आणि ७२ ते ७६ रेखांश व्यापतो. त्याचे एक-एक अंशाचे १६ भाग, ए पासून पी पर्यंत, वरून खाली आणि मग उजवीकडे. १७ ते १८ अक्षांश, ७३ ते ७४ रेखांश तो भाग जी. त्याचे परत पंधरा-पंधरा मिनिटांचे १६ तुकडे, त्याच क्रमाने. वाई येते ४७ जी/१३ मध्ये. पण १८ अंशांच्या वर सरकलात की भाग एफ लागतो, तुमच्या डोक्यावरची शीट ४७ एफ/१६. मांढरदेवचा डोंगर त्या रेषेवरच आहे. म्हणजे तुम्हाला दोन्ही शीट लागणार.

पाणलोट_ताई
आणि स्कॅन लावताना एक खड्डा आहे, मी स्वतः पडलेय म्हणून सांगते. जॉर्जिया... आपलं जिओरेफरन्सर (ऑटोकरेक्टला नमस्कार), म्हणजे स्कॅन नकाशावर जागेवर बसवणारा, आता लेयर मेनूत असतो, जुन्या व्हिडिओत रास्टर मेनूत दाखवतात. त्यात शीटच्या चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश भरायचे. मी प्रणाली नेहमीची, जीपीएसवाली डब्ल्यूजीएस ८४ निवडली आणि सगळे ओढे उपग्रह चित्रावरच्या ओढ्यांपासून शंभर मीटरच्या वर बाजूला. सगळे एकाच दिशेला. दोन दिवस बिंदू परत परत टिपत बसले.

कारण असं की जुन्या शीटचे अक्षांश-रेखांश एव्हरेस्टच्या लंबगोलावरचे, १८३० च्या. मध्य प्रदेशातलं कल्याणपूर हा त्याचा आरंभबिंदू. तेव्हा प्रणाली निवडताना "कल्याणपूर १९७५", क्रमांक ४१४६ घ्या, बाकीचं रूपांतर क्यूजीआयएस करतं. २००५ च्या धोरणानंतर आलेल्या ओपन सिरीज शीट डब्ल्यूजीएस ८४ वरच आहेत, त्यांना हे करू नका. शीटच्या समासात काय छापलंय ते वाचायचं, अंदाजाने जायचं नाही.

खिडकीतून
१८३० चा साहेब २१व्या शतकात ताईंचे दोन दिवस खाऊन गेला.

जोडाक्षर
लेबलं मराठीत करणार असालच. शेपफाईल (नकाशा साठवायचा जुना फाईल-प्रकार) वापरू नका! कळवळून सांगतेय. तिच्या तक्त्यात रकान्याच्या नावाला १० बाइट मिळतात, आणि युनिकोडमध्ये आपलं एक अक्षर ३ बाइट खातं. म्हणजे नावात फक्त तीन चिन्हं मावतात. काना-मात्राही त्यात मोजायचे. "विहीर" लिहायला गेलात तर "विह" उरेल. त्याऐवजी जिओपॅकेज हा नवा प्रकार वापरा, एकच फाईल, ही कटकट नाही.

फॉन्ट लोहित किंवा नोटो देवनागरी घ्या, मिंटमध्ये सहज मिळतात. आणि लेबलच्या सेटिंगमध्ये अक्षरांतलं अंतर वाढवायच्या फंदात पडू नका. इंग्रजीला ते शोभतं, आपली जोडाक्षरं त्याने विस्कटतात.

संत्रानगरी
+१. आणि ग्रामपंचायतीकडून एक्सेल मिळाली तर आधी उघडून बघा. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टात टंकलेली असली तर गावांची नावं म्हणून नुसते कंस, टक्के अन् उद्गारचिन्हं दिसतात. आधी परिवर्तक लावा, मग क्यूजीआयएस.

आळशी_अजगर
विहिरींच्या जागा टिपायला लॅपटॉप घेऊन हिंडू नका. अँड्रॉईड फोनवर क्यूफील्ड (क्यूजीआयएसचं फोनवरचं भावंड) टाका, तेच जिओपॅकेज त्यात उघडतं. उघड्यावर काही मीटरच्या आत जागा मिळते, आमराईत कमी भरवशाची.

आणि हो, ओढे ओपनस्ट्रीटमॅपवरही टाका की. मराठी नावासाठी वेगळी जागा असते तिथे. फक्त गूगलच्या चित्रावरून बघून काढायचं नाही, परवान्यात बसत नाही.

पाणलोट_ताई
ओढे जरूर टाका. विहिरी मात्र विचारून. आमच्याकडे कुणाच्या विहिरीला किती पाणी हे नकाशावर आलं आणि पुढच्या आठवड्यात टँकरवाला दारात उभा.

आळशी_अजगर
हे डोक्यातच आलं नव्हतं. मागे घेतो.

गोठलेला_मुंबैकर
विषयांतर: ग्रास आम्ही इथे विद्यापीठात वापरतो. अमेरिकन लष्कराच्या एका संशोधन प्रयोगशाळेत १९८२ मध्ये सुरू झालं ते. क्यूजीआयएस त्या मानाने पोर, २००२ मध्ये गॅरी शर्मन यांनी अलास्कात सुरू केलं. लष्कराने छावण्यांच्या जमिनीसाठी केलेली गोष्ट आता वाईच्या ओढ्यावर चालणार, मजा वाटली.

बांधावरून
तीन आठवड्यांनी येतोय. भातलावणी होती.

उंचीचा डेटा एसआरटीएमचा घेतला, २००० साली अवकाशयानातून मोजलेला, ३० मीटरचा. ग्रासच्या आर डॉट वॉटरशेडला (ओढे आणि पाणलोट काढणारं साधन) दिला. लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा वाजला, पण काम झालं. आधी मात्र निकाल बघून हबकलोच. आमचा मुख्य ओढा डोंगरात एका सरळ रेघेवर कापल्यासारखा सुरू होतो! निमताना साहेबांचं आठवलं: १८ अंश. एसआरटीएमचे तुकडेही एक-एक अंशाचे, मी नुसता १७ चा घेतला होता. १८ चा आणून दोन्ही जोडले, ३२६४३ मध्ये आणले, परत चालवलं. आता ओढा थेट माथ्यापर्यंत गेला, पलीकडचं पाणी नीरेकडे आणि अलीकडचं कृष्णेकडे, स्वच्छ दिसतंय.

किती मोठा ओढा दाखवायचा ते उंबरठ्याच्या आकड्यावर ठरतं. ५०० दिलं म्हणजे ५०० चौकोन, एकेक ९०० चौरस मीटरचा, म्हणजे ४५ हेक्टरचं पाणी जमल्यावर रेघ सुरू होते. १०० दिल्यावर प्रत्येकाच्या वावरातून ओढा निघाला. ग्रामसभेला ५०० वालाच नेला :)

सभेत काय झालं? ज्या दोन जागांवरून तीन वर्षं भांडण, त्या दोन्ही एकाच ओढ्याच्या वर-खाली निघाल्या. वरच्या जागेला पाणलोट ६० हेक्टर, खालच्याला त्याच्या दुपटीहून जास्त. एक म्हातारे आजोबा नकाशाकडे बघून म्हणाले, "हे आम्हाला ठाऊकच होतं, पर रंगीत दावलं ते ब्येस केलं." एक ठिकाणी मात्र ते अडले. नकाशा म्हणतो ओढा देवळाच्या डावीकडून, आजोबा म्हणतात उजवीकडून. जाऊन पाहिलं, आजोबा बरोबर.

पाणलोट_ताई
३० मीटरच्या चौकोनात अरुंद ओढा असा सरकतो. सपाटीला आला की जास्तच. तेवढी रेघ क्यूफील्डने चालत जाऊन दुरुस्त करा, आणि आजोबांना सोबत घ्या.

निमताना
अभिनंदन. चुलतबंधूंचे काय झाले?

बांधावरून
अर्ज केलाय साहेब त्याने, तारीख मिळायचीय. माझ्याशी बोलतो, चहाही पितो. फक्त लॅपटॉप उघडला की उठून जातो.

टर्मिनलवीर, शेवटचं एक. मिंट आता २२ वर जा म्हणतंय. गेलो तर क्यूजीआयएस परत रुसेल का?

टर्मिनलवीर
चावडीवरचा नकाशा छापून होईपर्यंत हलवू नका. नंतर खुशाल जा. मिंट २२ उबुंटू २४.०४ वर आहे, त्याचं नाव नोबल. त्याच फाईलमध्ये जॅमी खोडून नोबल लिहा, बास.

फक्त_वाचक
मिंटबरोबर माहेरही बदलतं? अशी सून पहिल्यांदाच पाहिली.